मुक्काम पांढरीत, जेवण काळीत

पहाटे ५.२०, नांदेड

मार्गशीर्षातली थंडी. पिशवीत कॅमेरा, शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, तिपाई, मुलीच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी, चिमटा, औषधाच्या रिकाम्या डब्या, मास्क, हातमोजे आणि बायकोची जुनी पांढरी छत्री. खाली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा विद्यार्थी गाडी चालू करून उभा. सर रविवारी घुबडं बघायला जातात, असं आमच्या वॉचमनला वाटतं. खरं म्हणजे घुबड दिसू नये हीच आमची इच्छा असते. आम्ही जातो ते त्यानं टाकलेलं बघायला.

घुबड उंदीर बहुधा सबंधच गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पोटात दाबली जाऊन त्यांची गोळी होते आणि काही तासांनी ती चोचीवाटे बाहेर पडते. प्राणिशास्त्रात तिला पेलेट म्हणतात. मराठीत शब्द अजून बसलेला नाही. खेड्यात ‘घुबडाची उलटी’ म्हणतात, तेही चालतं. विष्ठा मात्र म्हणू नये. विष्ठा म्हणजे भिंतीवरचे चुन्यासारखे पांढरे ओघळ. आम्हाला त्यांचा उपयोग एवढाच, की ओघळ दिसले की खाली बघायचं.

सकाळी ७.१०, कंधार

किल्ला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा, भोवतीचा खंदक अजून पाण्यानं भरलेला. एवढी तटबंदी, एवढे कोनाडे, म्हणजे घुबडांची चंगळ असणार, असं वाटतं. आज हाती लागल्या वटवाघळांच्या लेंड्या आणि बुरुजावर एक राखाडी गोळी. विद्यार्थ्यानं ‘सर, सापडलं!’ म्हणून हाक मारली. गोळी बोटभर, पण चिमट्यानं उकलली तर आत नुसते केस आणि हाडांचा चुरा. दिवसा शिकार करणाऱ्या कुठल्यातरी पक्ष्याची. तेही पेलेट टाकतात, पण भक्ष्य फाडून खातात आणि त्यांच्या पोटातलं आम्ल जहाल. हाडं विरघळून जातात. घुबडाचं आम्ल सौम्य, म्हणून कवटी दातांसकट बाहेर येते. पोरगा हिरमुसला. मी त्याला फोटो काढायला लावला. चुकीच्या गोळीचाही फोटो हवा, पुढच्या वेळी फसत नाही.

सकाळी ९.३०, लातूर जिल्ह्यातलं एक गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी देणारे आणि त्यांना घुबड पुरवणारे अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड पकडणं, विकणं, मारणं गुन्हा आहे, पण पत्ता छापून आपण कुणाचं काम सोपं करून देऊ नये.

गावात पडकी गढी आहे. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, एक शाबूत बुरूज, आणि आत धान्याचं बळद. धान्य कधीच गेलं, बळदात आता गव्हाणी घुबड राहतं. आपल्याकडे गाव वसलेल्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. या पक्ष्याचा सातबारा काढला तर दोन्हीकडे नाव निघेल: मुक्काम पांढरीत, जेवण काळीत.

शेजारच्या घरातले मामा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

“सर, मागल्या खेपंला उलट्या नेल्या. आता काय न्यायलाव?”

“तेच, मामा.”

“अशुभ असतंय ते. पर एक हाय, कणगीला उंदीर लागंना गेला.” मग तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, “संक्रांतीनंतर जेसीबी येनार हाय. माती न्यायला.”

आत शिरलो. मास्क, हातमोजे, आवाज बंद. बळदाच्या तोंडाशी सहा-सात जुन्या गोळ्या, करड्या, भुसभुशीत, कसर लागलेल्या. लोकरीचे कपडे खाणारी कसर तीच. इथं तिला उंदराची लोकर फुकट मिळते. त्यांच्यात एक ताजी होती. डांबरासारखी काळी, वर लाखेसारखी चमक. एका बाजूनं बारीक जबडा बाहेर आलेला, त्यात पिवळा वाकडा दात.

इथंच पोरं चुकतात. उचलून हातावर घेतात आणि मग फोटो काढतात. आधी फोटो. पहिला लांबून, भिंत, ओघळ आणि गोळी एका चौकटीत, म्हणजे ती कुठल्या बसण्याच्या जागेखाली पडली ते कळतं. दुसरा वरून, पट्टी शेजारी ठेवून. तिसरा जमिनीला कॅमेरा टेकवून. चौथा जबड्याचा. पट्टी गोळीच्या उंचीला धरायची, नाहीतर अंतरामुळे माप खोटं दिसतं. छताच्या भगदाडातून उन्हाची तिरीप नेमकी गोळीवर पडत होती. चमकदार पापुद्रा त्यात पांढरा फटक निघतो आणि केस दिसतच नाहीत. विद्यार्थ्यानं छत्री उघडून ऊन अडवलं, उजेड मऊ झाला. एफ/११, दोन सेकंद, तिपाईवर. गोळी पाच सेंटिमीटरला जरा कमी. फ्लॅश नाही. वर पक्षी आहे हे गृहीत धरूनच काम करायचं.

तेवढ्यात वरून फुत्कार आला. पहिल्यांदा ऐकणारा साप समजून पळतो. सहा मिनिटं झाली होती. डबी भरली, निघालो.

मागे एका फोटोवाल्यानं मला विचारलं होतं, खडा मारून त्याला बाहेर काढता येईल का, उडतानाचा फोटो हवाय. दिवसाढवळ्या बाहेर पडलेल्या घुबडामागे कावळे कसे लागतात, ते त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असेल तर आणखी वाईट.

दुपारी १२, हरभऱ्याचं शेत

वेळा अमावास्या, शेतातल्या पूजेचा आणि जेवणाचा सण, दोन दिवसांवर आली आहे. कडब्याची कोपी उभी राहिलेली, पाच पांडवांचे दगड चुना लागायची वाट बघत पडलेले. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे. घाटेअळी वेचणाऱ्या पाखरांना बसायला म्हणून ते रोवतात. रात्रपाळीला त्यावर पिंगळा बसतो, हे शेतकऱ्याच्याही ध्यानात नसतं. तिसऱ्या थांब्याखाली दोन गोळ्या मिळाल्या, जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. बोट लागलं की भुगा. आत भुंग्यांची चमकती पंखकवचं, नाकतोड्याची एक करवती तंगडी. हाड नावाला नाही. इथं उचलायच्या आधी फोटो काढला नाही, तर नंतर काढायला काही उरतच नाही.

शेताच्या मालकिणीनं परवाचं आवतण दिलं: भज्जी, आंबील, उंडे. “या मंग, पर ते डबं आनू नगा.”

दुपारी २, परतीचा रस्ता

गाडीवर मागे बसून मी स्लॅबची घरं बघत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरं माणसांवर कोसळली, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर या भागात जुन्या माळवदाखाली कुणाला झोप लागली नाही, यात नवल काय! स्लॅब हवाच. पण त्यात कोनाडा नाही, बळद नाही, पाखराला शिरायला भोक नाही. पुण्याजवळ पिंगोरीला इला फाउंडेशन घुबड महोत्सव भरवतं. तसं काही आपल्या गावांतून झालं तर घुबडांसाठी लाकडी पेटी टांगायला चार घरं तयार होतील. संशोधक सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी २०११ मध्ये शृंगी घुबडाच्या आहारावर लिहिलं, तेव्हा शेतीच्या दृष्टीनं त्याचं मोलही मांडलं होतं. ते शेतकऱ्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं ते उंदीर मारायचं औषध. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; झिंगत उघड्यावर फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो.

संध्याकाळी ५, घर

आजच्या डब्या डीप फ्रीझरमध्ये, कसर मरावी म्हणून. बायकोला त्या मटारच्या पिशवीशेजारी दिसल्या. “अहो, एक तर मटार राहतील नाहीतर उंदीर!” डब्या दुसऱ्या पिशवीत गेल्या.

उघडायला घेतली मागच्या रविवारची गोळी, त्याच गढीतली. कोमट पाण्यात भिजवून, पांढऱ्या ताटलीत, दोन चिमट्यांनी. हे काम घाईचं नाही. आधी केस सुटतात, मग फासळ्या, काड्यापेटीतल्या काडीहून बारीक. मग पहिली कवटी. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा, म्हणजे कुरतडणारा प्राणी. भिंगाखाली वरच्या दातावर उभी खाच दिसली, की तो जर्बिल, बांधावर बिळं करणारा. दुसऱ्या कवटीत खाच नव्हती, पण वरचा दात बाजूनं पाहिला तर आत पायरी कोरल्यासारखा. घरातला उंदीर. तिसरीत रिकामी जागाच नाही. टोकदार दातांची सलग रांग. चिचुंद्री. एका गोळीत शेत, घर आणि मोरी.

विद्यार्थी म्हणाला, “सर, सापळे लावले असते तर आठवडा गेला असता.” बरोबर आहे. कुठल्या भागात कोणते छोटे सस्तन प्राणी आहेत, हे पेलेटमधल्या कवट्यांवरून ओळखायचं काम भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या तलमले आणि प्रधान यांनीही केलेलं आहे.

प्रत्येक कवटीचे तीन फोटो: वरून, खालून, बाजूनं. पाठीमागे काळा कागद, पट्टी खाली.

रात्री ९.४५

वहीत नोंद: तारीख, जागा (सांकेतिक), ताजी एक, जुन्या सहा, शेतातल्या दोन. ‘पक्षी’ या रकान्यात: दिसला नाही, आवाज ऐकला.

तुमच्या गावातली गढी पाडायला निघाली असेल, तर यंत्र लागण्याआधी बळदात एकदा डोकावा. काळी गोळी दिसली तर हात लावू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. आणि आतून फुत्कार आला, तर जेसीबीवाल्याला थांबवून वनखात्याला फोन करा. १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे.