वादळात जागा सोडणारा प्रवाह

ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात आकाशातून वीज वाहते, ही गोष्ट नॉर्वेच्या क्रिस्टियान बर्कलंड यांनी १९०८ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यासाठी १९०२-०३ च्या हिवाळ्यात नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या इथे ठाणी उभारून त्यांनी चुंबकीय नोंदी घेतल्या होत्या. हा प्रवाह चुंबकीय बलरेषांवरून अवकाशातून खाली उतरतो आणि पुन्हा वर जातो, असे त्यांचे म्हणणे. सिडनी चॅपमन यांना ते मुळीच मान्य नव्हते. वरच्या वातावरणातच प्रवाहाचे चक्र पुरे होते, असा त्यांचा पक्ष, आणि त्यांच्या गणिताचा दबदबा एवढा की बर्कलंड कित्येक दशके अडगळीत पडले. जमिनीवरच्या नोंदींनी हा वाद मिटणारा नव्हताच. १९६६ मध्ये झ्मुडा आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाने टिपलेले चुंबकीय विक्षोभ प्रसिद्ध केले, तेव्हापासून पारडे फिरू लागले. दहा वर्षांनी ईजिमा आणि पोटेम्रा यांनी चढत्या-उतरत्या प्रवाहांचा नकाशाच काढला.

साधारण शंभर किलोमीटर उंचीवर हे प्रवाह आडवे होतात. संध्याकाळच्या बाजूला पूर्वेकडे, मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडे. चुंबकीय वादळात त्यांची ताकद दहा लाख अँपिअरच्या घरात जाते आणि सगळा पट्टा विषुववृत्ताकडे घसरतो. ही घसरण मला ताकदीपेक्षा महत्त्वाची वाटते. १९६६ मध्येच डेव्हिस आणि सुगिउरा यांनी या प्रवाहांसाठी निर्देशांक सुचवला. पण त्याची ठाणी ठरावीक अक्षांशांवर. नदीने पात्र बदलावे आणि पूरपट्टी जुन्याच काठावर राहावी, तसे मोठ्या वादळात होते. ऐन भरातला प्रवाह मापात कमी दिसतो.

१३ मार्च १९८९ ला हा पट्टा कॅनडाच्या क्वेबेकवर उतरला. झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहामुळे जमिनीत वीज खेळू लागली, ती अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली आणि दीड मिनिटात सगळी वीजव्यवस्था कोलमडली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले.

पट्टा विषुववृत्ताकडे किती खाली येऊ शकतो? २ सप्टेंबर १८५९ ला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरले आणि लगेच सावरू लागले. अशी घट सहसा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलयप्रवाहाची मानतात, पण तो इतक्या लवकर ओसरत नाही. म्हणून काही अभ्यासक त्यात ध्रुवीय पट्ट्यातल्या प्रवाहांचा हात पाहतात, इतरांना ते पटत नाही. मला पहिला पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचे हे मापनाचे काम अलिबागला हलवले गेले; तिथे चुंबकीय नोंदी आजही घेतल्या जातात.