जपायचा हात बांधून ठेवू नका

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एकोडीसारख्या गावात बाईला सल्ला मिळतो: आता त्या बाजूच्या हाताने काडीही उचलायची नाही. सल्ल्यामागे माया असते, पण तो चुकीचा आहे आणि अजूनही इतक्या ठामपणे दिला जातो याचा संताप येतो. काखेतल्या लसीका गाठी काढल्या किंवा तिथे किरणोपचार झाले, की हातातला लसीकाद्रव परत जाण्याची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. या द्रवाला रक्तासारखा हृदयाचा रेटा नसतो. तो पुढे सरकायला स्नायूंच्या हालचालीचा मोठा आधार असतो. हात निजवून ठेवला तर हा आधारच जातो, खांदा आखडतो, ताकद घटते आणि पुढे साधी घागरही झेपत नाही. कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने अमेरिकेत आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला. तो २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींचा त्रास बळावला, न करणाऱ्यांपैकी २९ टक्के जणींचा.

कुणी म्हणेल, बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणं म्हणजे व्यायाम नव्हे. अगदी बरोबर. त्या स्त्रियांनीही दाबपट्टीची बाही घालून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली होती. महिनोन्‌महिने हात लटकवून ठेवायचा आणि आषाढात एकदम आठ तास राबवायचा, हेच घातक. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून उन्हाळ्यातच हात तयार करावा. चिखलात हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

भंडारा हत्तीरोगाचा जिल्हा, म्हणून प्रत्येक सूज त्याच खात्यात टाकली जाते. पण गाठी काढल्यामुळे आलेली सूज हत्तीरोगाच्या गोळ्यांनी उतरत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही कामाच्या नाहीत, कारण त्या पाणी काढतात, साचलेली प्रथिनं तिथेच राहतात. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातावर रक्तदाब एकदा मोजला म्हणून सूज येते, ही भीतीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६३२ रुग्णांच्या अभ्यासात खरी ठरली नाही. खरी भीती जंतुसंसर्गाची. हात लाल, गरम होऊन ताप आला तर मालीश, लेप, झाडपाला काही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठून प्रतिजैविकं सुरू करावीत.