गुठळीचा वारसा

पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी तेथून सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे ढकलली जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते, तेव्हा त्या विकाराला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. शिरेतला रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे मानली जातात. यांपैकी तिसरे कारण पुष्कळदा वारशाने आलेले असते आणि म्हणूनच ते वरकरणी निरोगी असलेल्या माणसात वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू तयार करते आणि त्यांच्या जाळीत गुठळी धरते. पण हे काम वेळीच थांबावे यासाठी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही प्रथिनेही रक्तात असतात. अँटिथ्रॉम्बिनच्या जन्मजात कमतरतेमुळे एकाच घराण्यातील अनेकांना गुठळ्या होतात, हे ओलाव्ह एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबाच्या अभ्यासातून दाखवले. अशा कमतरता विरळा असल्या, तरी त्यांचा धोका मोठा असतो.

अधिक सर्रास आढळणारा दोष मात्र १९९० च्या दशकात उलगडला. स्वीडनमधील ब्यॉर्न डालबॅक यांना १९९३ मध्ये असे दिसले की, काही रुग्णांच्या रक्तावर प्रोटीन सीचा अपेक्षित परिणामच होत नाही. आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन येथे रोखिअर बेर्टिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ शोधले. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर पाच या प्रथिनाच्या साखळीत ५०६ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आले, की प्रोटीन सी जेथे त्या प्रथिनाला तोडते ती जागाच बदलते आणि गोठण्याची क्रिया वेळीच थांबत नाही. ‘फॅक्टर व्ही लायडन’ या नावाने ओळखला जाणारा हा बदल युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत आढळतो. भारतात तो बराच विरळा आहे.

तरीही केवळ जनुक म्हणजे आजार नव्हे, आणि ही गोष्ट आकड्यांतूनच नीट पटते. लायडनच्या संशोधकांनी १९९४ मध्ये तरुण स्त्रियांत खोल शिरेतील गुठळीचे वार्षिक प्रमाण काढले, तेव्हा दोष नसलेल्या आणि गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे ते ०.८, फक्त गोळ्या घेणाऱ्यांत ३, फक्त दोष असलेल्यांत ५.७ आणि दोन्ही असलेल्यांत २८.५ भरले. दोन कारणे एकत्र येताच धोका किती पटींनी वाढतो हे जसे यातून दिसते, तसेच दोन्ही कारणे असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना त्या वर्षी गुठळी झालीच नाही, हेही दिसते.

सर्वांत लक्षणीय वारसा मात्र रोजच्या परिचयाचा, म्हणजे रक्तगटाचा आहे. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठण्यास मदत करणारे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे प्रथिन आणि त्याच्या आधाराने रक्तात टिकणारा फॅक्टर आठ यांचे प्रमाण इतर गटांपेक्षा सरासरीने सुमारे पावपट कमी असते, आणि त्यामुळे ए, बी व एबी गटांत गुठळीचा धोका तुलनेने अधिक राहतो. याचे कारण असे की, रक्तगट ठरवणारे शर्करारेणू व्हॉन विलेब्रँड फॅक्टरवरही चिकटलेले असतात आणि ते त्याच्या टिकाऊपणावर परिणाम करतात. डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या दुर्मिळ ‘बॉम्बे’ रक्तगटात तर या शर्करासाखळीचा पायाभूत एच घटकच नसतो, आणि त्या लोकांत हे प्रथिन कमी प्रमाणात आढळते.

गुठळीचा संशय आल्यावर केली जाणारी डी-डायमर ही चाचणी मात्र वारसा दाखवत नाही. फायब्रिन विरघळताना सुटलेले तुकडे ती मोजते, त्यामुळे गरोदरपण, शस्त्रक्रिया किंवा जंतुसंसर्ग यांतही त्यांचे प्रमाण वाढलेले दिसते. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांची मोजणी तर गुठळी ताजी असताना किंवा वॉरफरिन हे गुठळीविरोधी औषध सुरू असताना करूच नये, कारण त्या काळात ही प्रथिने तात्पुरती घटतात आणि जन्मजात दोष नसलेल्या माणसाच्या माथी तो आयुष्यभरासाठी मारला जातो.