मोटारीला स्टार्टर कोणता घ्यावा?

परभणी, मानवत, सेलू भागात कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या मोटारी रात्रंदिवस चालतात. पिंजारी बांधवांची रुई पिंजण्याची यंत्रे, पिठाच्या गिरण्या यांचीही रोजी मोटारीवरच आहे. मोटार जळाली की रिवाइंडिंगचा खर्च होतोच, शिवाय गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. पुष्कळदा दोष मोटारीचा नसतो, स्टार्टरचा असतो.

सर्वांत स्वस्त डी.ओ.एल. स्टार्टर. तो पूर्ण व्होल्टेज एकदम देतो, त्यामुळे सुरू होताना मोटार सहा-सात पट करंट ओढते. १० हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार पूर्ण लोडवर सुमारे १४ अँपिअर घेते. सुरू होताना ८५ ते ९५. दिवे मंद होतात, पट्टा घसरतो. साधारण ५ हॉर्सपॉवरपर्यंत तो ठीक आहे.

स्टार-डेल्टात हा करंट एक तृतीयांशावर येतो. मोटारीला मात्र सहा टोके हवीत. आणि करंटबरोबर ओढण्याची ताकदही एक तृतीयांशच उरते, हे कारागीर विसरतात. यंत्रात रुई किंवा चक्कीत दाणा अडकलेला असताना बटण दाबले तर मोटार नुसती गुरगुरते व तापते. यंत्र रिकामे सुरू करावे, वेग आल्यावरच माल टाकावा. वेग येण्याआधी डेल्टावर टाकले तर मोठा झटका बसतोच.

सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज हळूहळू वाढवतो. धक्का बसत नाही, पण सुरुवातीची ताकद यातही कमीच असते.

व्ही.एफ.डी. म्हणजे ड्राइव्ह फ्रिक्वेन्सीही बदलतो. म्हणून थोड्या करंटमध्ये चांगली ताकद मिळते व वेग हवा तसा ठेवता येतो. पंख्याचा वेग ८० टक्के केला तर वीज जवळपास निम्मी लागते. पण ज्या यंत्राला कायम एकच वेग लागतो, तिथे एवढी बचत होत नाही. महाग ड्राइव्ह घेण्याआधी हिशेब करावा.

शेवटी रिलेची गोष्ट. स्टार-डेल्टात रिले बहुधा वाइंडिंगच्या तारेत असतो. तो मोटारीच्या पाटीवरील करंटच्या ५८ टक्क्यांवर लावावा. म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला ८. मिस्त्रीने १४ वरच ठेवला, तर मोटार जळेल पण रिले पडणार नाही. एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटरही जरूर बसवावा. त्याचा खर्च रिवाइंडिंगपेक्षा हलका पडतो.

बांधवांनो, दुकानदाराला किंमत विचारण्याआधी मिस्त्रीला एकच सवाल विचारा: माझे यंत्र रिकामे सुरू होते की भरलेले? स्टार्टरची निवड त्यावरच ठरते.