खरा रुपया, खोटा रुपया

एखादा माणूस सचोटीचा असला की आपण म्हणतो, 'हे नाणे खणखणीत आहे.' चांदीचे रुपये चलनात होते त्या काळी दुकानदार रुपया फरशीवर वाजवून पाहत, नाद पटला तरच तो गल्ल्यात टाकत. आज हे रुपये व्यवहारात नाहीत. पण जुनी नाणी जमविणाऱ्यांच्या बाजारात त्यांतील काहींना मोठी किंमत येते, आणि जेथे किंमत तेथे नक्कल ही आलीच.

सहाव्या जॉर्ज राजाची मुद्रा असलेला १९३९ सालचा रुपया घ्या. ९१.७ टक्के चांदी असलेल्या रुपयाचे हे अखेरचे वर्ष. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. १९३९ ची नाणी फार थोडी उरली आहेत, म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. आदल्या वर्षीचा, म्हणजे १९३८ चा रुपया मात्र त्या मानाने सहज मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

असा एक रुपया आपल्या हाती आला आहे असे समजा. तो खरा आहे का? कसोटीच्या दगडावर घासून किंवा आम्लाचा थेंब टाकून पाहता येईल. पण त्यामुळे नाणे विद्रूप होते. त्याला इजा न करता तपासावयाचे तर आर्किमिडीजलाच शरण जावे.

रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. या दोन धातूंच्या ९१.७ टक्के चांदीच्या मिश्रणाची घनता हिशेबाने १०.३ च्या थोडी वर येते. (हा हिशेब करताना घनतांची सरासरी काढू नका, आधी दोन्ही धातूंची आकारमाने काढून ती मिळवा. माझे बरेच विद्यार्थी येथेच घसरतात.) तेव्हा अस्सल रुपयाचे आकारमान सुमारे १.१३ घन सेंटिमीटर असले पाहिजे.

आता तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला खोटा रुपया पाहा. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम ठेवले, तर आकारमान १.३० होते; व्यास तोच ठेवल्यास नाणे जवळजवळ पाव मिलिमीटर जाड होते, आणि ते स्क्रू गेजला लपत नाही. जाडी बरोबर ठेवली, तर वजन दीड ग्रॅमने घटते. नकली नाणे करणारा अशा कात्रीत सापडतो.

आकारमान मोजण्याची युक्ती सोपी आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. पाणी नाण्याला जेवढ्या बलाने वर ढकलते, तेवढ्याच बलाने नाणे पाण्याला खाली दाबते. म्हणून काटा बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवितो. ग्रॅममधील तो आकडा म्हणजेच घन सेंटिमीटरमधील आकारमान. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकारमान फुगते आणि अस्सल नाणे उगाच बदनाम होते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात.

०.०१ ग्रॅमची चूक येथे घनतेत ०.१ एवढा फरक पाडते. १९४० नंतरच्या पन्नास टक्के चांदीच्या रुपयाची घनता सुमारे ९.५ भरते, म्हणजे तो सहज वेगळा ओळखू येतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखविणारा काटा मात्र या कामी निरुपयोगी. या रीतीचा आणखी एक गुण असा, की वापरून झिजलेल्या नाण्याचे वजन घटते, पण घनता घटत नाही.

मग १०.३ आकडा आला की नाणे खरे ठरले का? नाही! शिशाची घनता ११.३४ आणि कथिलाची ७.३. आकारमानाने तीन भाग शिसे व एक भाग कथील घेतल्यास मिश्रणाची घनता नेमकी १०.३ होते. अशा नाण्याला आर्किमिडीज फसेल, पण तो जुना दुकानदार फसणार नाही. शिसे कंपनांची ऊर्जा चटकन शोषून घेते, त्यामुळे 'खण्ण' ऐवजी 'थप्' असा बद्द आवाज येतो. (दुर्मीळ नाणे फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की पुरते.) उलट, अस्सल नाण्याला बारीक चीर गेली असेल तरी त्याचा आवाज बद्द येतो. लोहचुंबकाचेही असेच. रुपया चुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नव्हे. पण न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबे, शिसे, पितळही चिकटत नाहीत. नाणे एखाद्या चाचणीत नापास झाले आणि त्याला चीर किंवा बुडबुडे यांसारखे दुसरे कारण नसेल, तर ते खोटे, हे सांगता येते. पास झाले तर एवढेच म्हणायचे, की अजून खोटे ठरले नाही.

आता १९३८ च्या रुपयाकडे वळू. एखाद्याने त्यातील शेवटचा ८ कोरून त्याचा ९ केला, तर? धातू तोच, वजन तेच, घनता तीच, नादही तोच. येथे भौतिकशास्त्राच्या साऱ्या चाचण्या हात टेकतात आणि दहापट मोठे दाखविणारे भिंग उपयोगी पडते. ठशाच्या दाबाखाली धातू वाहत जाऊन अंक उठतो, तेव्हा अंकाच्या पायथ्यापासून भोवतालच्या पृष्ठभागापर्यंत चकाकी अखंड असते. कोरलेल्या अंकाशेजारी हत्याराचे ओरखडे दिसतात, चिकटविलेल्या अंकाच्या तळाशी सांध्याची बारीक रेघ दिसते. प्रकाश बाजूने, तिरपा पाडा; समोरून पाडलेल्या प्रकाशात ही रेघ हमखास निसटते. शेजारी १९३८ चा एक निर्विवाद अस्सल रुपया ठेवून त्यातला पहिला ९ आणि संशयित नाण्यातला शेवटचा ९ यांची वळणे ताडून पाहा.