सोमल, गंज आणि पिण्याचे पाणी

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या त्रिभुज प्रदेशात पाण्याला तोटा नाही. तोटा आहे तो पिण्याजोग्या पाण्याचा. तळ्या-डबक्यांतले पाणी पिऊन तेथे असंख्य मुले अतिसाराने आणि कॉलऱ्याने दगावत. म्हणून १९७० नंतर बांगलादेशात ‘युनिसेफ’च्या साहाय्याने हातपंपाच्या कूपनलिका बसवण्याची मोहीम जोरात सुरू झाली. जमिनीखालचे पाणी नितळ होते आणि त्यात रोगजंतू क्वचितच असत. लोकांनी ते विश्वासाने स्वीकारले.

पलीकडे पश्चिम बंगालमध्येही कूपनलिकांचे पाणी पिण्याचा प्रघात वाढत होता. १९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मधील डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तेथील खेड्यांतून काही निराळे रुग्ण येऊ लागले. अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कठीण, खरखरीत गाठी अशी त्यांची लक्षणे होती. निदान झाले ते आर्सेनिकच्या विषबाधेचे. आपल्याकडे सोमल या नावाने कुप्रसिद्ध असलेले विष म्हणजे याच मूलद्रव्याचे ऑक्साइड. ते हातपंपाच्या पाण्यातून पोटात जात होते. बांगलादेशातही १९९३ मध्ये त्याचा छडा लागला.

किती म्हणजे घातक?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे दर लीटरला १० मायक्रोग्रॅम. हे प्रमाण वर्गात असे सांगता येईल: दहा हजार लीटरचे दहा टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून फक्त १ ग्रॅम आर्सेनिक विरघळवा. बांगलादेशाची मर्यादा मात्र ५० मायक्रोग्रॅम आहे. १९९८-९९ मध्ये तेथे झालेल्या पाहणीत उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के नलिकांनी हीदेखील मर्यादा ओलांडलेली आढळली. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो.

हे विष आले कोठून?

या प्रदूषणामागे कोणताही कारखाना नाही. हिमालयाची झीज होऊन आलेल्या गाळातील वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गंजाचेच म्हणा ना, पातळ पुट असते. आर्सेनिक या पुटाला चिकटून आले आणि गाळासोबत गाडले गेले. त्याच गाळात कुजलेल्या वनस्पतीही होत्या. त्यांवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना खाली ऑक्सिजन मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी श्वसनासाठी फेरिक लोहाचा आधार घेतला. या क्रियेत फेरिक लोहाचे क्षपण होऊन फेरस लोह तयार होते आणि ते पाण्यात विरघळते. पुट विरघळले की त्याला चिकटलेले आर्सेनिकही सुटते. हे स्पष्टीकरण १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले गेले, २००४ मध्ये पश्चिम बंगालच्या गाळावर झालेल्या प्रयोगांतून सूक्ष्मजीवांचा सहभागही दिसून आला.

ओळखायचे कसे?

आर्सेनिकला पाण्यात रंग नाही, वास नाही, चवही नाही. त्याच्या क्षेत्रचाचणीचे तत्त्व एकोणिसाव्या शतकातले आहे. पाण्याच्या नमुन्यात आम्ल आणि जस्ताची पूड घातली की हायड्रोजन निर्माण होतो; आर्सेनिक असल्यास त्याचा आर्साइन वायू बनतो. मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला हा वायू लागला की कागद पिवळा ते तपकिरी होतो. रंग जितका गडद, तितके आर्सेनिक अधिक. (आर्साइन अत्यंत विषारी असल्याने ही चाचणी शाळेत करू नये.)

अशा चाचणीने बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित नलिकेच्या तोंडाला हिरवा आणि असुरक्षित नलिकेच्या तोंडाला तांबडा रंग दिला. तांबड्या निघाल्या सुमारे १४ लाख. गंमत अशी, की तांबड्या नलिकेपासून काही पावलांवर हिरवी नलिका असू शकते, कारण जमिनीखालचा गाळ जागोजागी वेगळा असतो. अराइहजार भागातील अभ्यासात आपली नलिका असुरक्षित असल्याचे कळलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी वर्षभरात दुसऱ्या नलिकेचे पाणी घ्यायला सुरुवात केली. केवळ खऱ्या माहितीने एवढे साधले!

नव्या संशोधनात जीवाणूंनाच चाचणीचे साधन बनवले जात आहे. काही जीवाणूंत आर्सेनिकची चाहूल लागताच जागे होणारे जनुक असते. त्याला रंग किंवा प्रकाश देणारे जनुक जोडले की तो जीवाणू आर्सेनिकची वर्दी देतो.

काढायचे कसे?

ज्या गंजाने आर्सेनिक सोडले, तोच ते पुन्हा धरून ठेवू शकतो. हवेच्या सान्निध्यात लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन गंज तयार होतो व त्याच्या पृष्ठभागाला आर्सेनिक चिकटते. यालाच अधिशोषण म्हणतात. अडचण एवढीच, की भूजलातील बरेचसे आर्सेनिक त्रिसंयुजी व विद्युतभाररहित असते आणि ते सहज धरले जात नाही. ऑक्सिडीकरणाने ते पंचसंयुजी झाले की त्याला ऋण भार येतो आणि ते घट्ट चिकटते.

मूळचे बांगलादेशातील रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोखंडाचा विशेष थर, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून घरगुती ‘सोनो’ गाळणी बनवली. २००७ मध्ये त्यांना तिच्यासाठी दहा लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला. मद्रास आय.आय.टी.च्या टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसान या जैवबहुवारिकात अतिसूक्ष्म लोह-हायड्रॉक्साइड बसवले आणि ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग मोठा, हे सूत्र येथे कामी येते.

मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांच्या बर्कली येथील गटाने वेगळी वाट धरली. पाण्यात लोखंडी पत्रे ठेवून थोडी वीज सोडायची आणि गंज पाण्यातच तयार करायचा. मग तुरटीच्या साहाय्याने तो खाली बसवायचा. त्यांनी जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेच्या आवारात २०१६ मध्ये दिवसाला १०,००० लीटर क्षमतेचे संयंत्र चालू केले. तेथे दर लीटरला सुमारे २५० मायक्रोग्रॅम असलेले आर्सेनिक ५ च्याही खाली आले.

आर्सेनिक काढले तरी ते नाहीसे होत नाही. ते गाळात उरते. तो गाळ उघड्यावर टाकला आणि पुन्हा ऑक्सिजनविना गाडला गेला, तर तीच क्षपणाची क्रिया सुरू होऊ शकते. म्हणून तो काँक्रीटमध्ये बंदिस्त करण्यासारखे उपाय अभ्यासले जात आहेत. गाळणीचे माध्यमही कधीतरी संपृक्त होते, त्यामुळे पाण्याची तपासणी चालूच ठेवावी लागते.

‘पाणी उकळून प्यावे’ असे आपण मुलांना शिकवतो. ते रोगजंतूंपुरते खरे आहे. उकळल्याने पाण्याची वाफ होते, आर्सेनिक मात्र भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यातले त्याचे प्रमाण उलट वाढते. निर्जंतुक पाणी आणि निर्विष पाणी यांतला हा फरक वर्गात आवर्जून सांगावा.