पाळणा आणि हजेरीपट

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, तेव्हा मुले बेताची असावीत हे बोलणेदेखील शिष्ट समाजास सहन होत नव्हते. त्या लिखाणापायी कर्व्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आज त्याच महाराष्ट्रात एका किंवा दोन मुलांवर पाळणा थांबतो आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली राज्यातील एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती. २००५-०६ साली हा आकडा २.१ झाला आणि २०१९-२१ साली १.७ वर आला. पिढीमागून पिढी लोकसंख्या जेवढ्यास तेवढी राहावी म्हणून २.१ मुले लागतात. घरोघरी जे घडले ते सुखाचेच झाले. आईची प्रकृती सुधारली, असलेल्या मुलांच्या वाट्यास दूध आणि पुस्तके अधिक आली. परंतु घरातील या बदलाचा हिशेब पाच-सहा वर्षांनी शाळेच्या हजेरीपटावर उतरतो, आणि तेथे तो तितकासा सुखाचा राहत नाही.

हा हिशेब सोपा आहे. तीनशे वस्तीची एखादी वाडी घ्यावी. जन्मप्रमाण दर हजारी तीस होते तेव्हा तेथे वर्षाला नऊ मुले जन्मास येत आणि पहिली ते पाचवीच्या वर्गांत मिळून चाळीसएक मुले बसत. आता राज्याचे जन्मप्रमाण दर हजारी सुमारे पंधरा आहे. त्याच वाडीत वर्षाला चार-पाच मुले होतात, आणि पाचही वर्गांचा पट बावीसच्या आसपास येतो. त्यातील निम्मी मुले खाजगी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून निघून गेली, की गुरुजींपुढे उरतात दहा-अकरा. एखाददुसरे कुटुंब पोटासाठी चाकणला गेले, की तेवढीही राहत नाहीत. म्हणजे पटावरून नाव तीन वाटांनी जाते. मूल जन्मतच नाही, जन्मले तर गाव सोडते, आणि गावात राहिले तर शाळा सोडते. सरकारी तक्त्यात मात्र या तिन्ही वाटा एकाच रकान्यात मांडल्या जातात आणि त्या रकान्याचे नाव 'कमी पट' असे असते. रोग तीन आणि औषध एकच, असा प्रकार होतो तो यामुळेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात तर हा गुंता विशेष पाहण्यासारखा आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती दहा लाखांच्या किंचित वर होती, ती २०११ साली सव्वासतरा लाखांवर गेली. ही वाढ पाळण्याने झालेली नव्हे, एस. टी. आणि रेल्वे यांनी ती घडवून आणली. विदर्भ, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश येथील तरुण जोडपी येथे आली आणि त्यांची मुले येथील शाळांत दाखल झाली. तेव्हा एका बाजूस कारखान्यांशेजारच्या वस्तीतील महापालिकेच्या शाळेत बाकावर जागा अपुरी, आणि दुसऱ्या बाजूस त्याच पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीतील शाळेत सात इयत्तांना मिळून सात मुले नाहीत, असा देखावा दिसतो. ओस पडलेली शाळा आणि गजबजलेली शाळा या पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या प्रवासाची दोन टोके असतात.

राज्यभरचा आकडा मोठा आहे. २०२३ साली शिक्षण विभागाने जी माहिती पुढे ठेवली तीप्रमाणे वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक पडतात. खर्चाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या कपाळास आठी पडावी असे हे गणित खरे. तत्पूर्वी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांस जवळच्या शाळांत पाठविण्याचे ठरले होते आणि त्यावर बराच गदारोळ झाला होता. २०२३ च्या सप्टेंबरात 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. आसपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेत मिळवाव्या, मुलांस बसने आणावे आणि तेथे प्रत्येक इयत्तेस निराळा वर्ग, खेळ, प्रयोग, वाचनालय यांची सोय असावी, असे तिचे स्वरूप. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ यांची नावे सांगण्यात आली.

ही कल्पना वाईट आहे असे म्हणता येणार नाही. चार मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, आणि बरोबरीचा गडी नसला म्हणजे हुशार मुलाची हुशारीही गंजते. पण सारी भिस्त बसवर आहे. शाळा एकदा बंद झाली की ती सहसा पुन्हा उघडत नाही. बसचे तसे नाही. डिझेलचे बिल थकले, चालक मिळाला नाही, पावसाळ्यात दरड आली, की बस थांबते. बस थांबली की प्रथम घरी बसते ती मुलगी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि वरची प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

शिवाय किलोमीटर किलोमीटरमध्येही अंतर असते. शेताच्या बांधाने जाणारा एक किलोमीटर निराळा, ओढ्यापलीकडचा निराळा आणि चाकणजवळ पुणे-नाशिक रस्ता ओलांडून जाणारा निराळा. ज्या रस्त्यावर कंटेनरांची रांग तासन्‌तास हलत नाही आणि हलली तर कोणासाठी थांबत नाही, तो सात वर्षांच्या मुलाने दप्तर घेऊन ओलांडावा असे नकाशावर पट्टी ठेवून ठरविता येत नाही.

पट मोजण्याच्या दिवसाचीही एक गंमत आहे, जरी ती हसण्यासारखी नाही. ३० सप्टेंबरचा पट प्रमाण धरून शिक्षकांची पदे ठरतात. वीटभट्टीवरचे आणि ऊसतोडीचे मजूर साधारण दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. त्यामुळे त्यांची मुले गावच्या पटावर मोजली जातात आणि पुढील पाच-सहा महिने दुसरीकडे, पुष्कळदा या औद्योगिक पट्ट्याच्या कडेला, राहतात. गावी बाक रिकामे, येथे मुलांस बाक नाही. मोजणी वर्षातून दोनदा केली आणि मुलाबरोबर त्याचे दप्तर व दाखला चालता ठेवला, तर काही शाळांचे भवितव्य निराळे दिसेल.

आता चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील एक उदाहरण. जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेची शाळा २०२२ साली बंद होण्याच्या बेतात होती. पटावर जेमतेम तीन मुले उरली होती. दत्तात्रय वारे हे शिक्षक तेथे आले. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा नावारूपास आणणारे ते हेच. गावकऱ्यांनी हात लावला आणि पट शंभरावर गेला. २०२५ साली टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक शाळा-पारितोषिकांत लोकमताने दिला जाणारा सन्मान या शाळेस मिळाला. तेथील 'विषयमित्र' ही पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मुलास जो विषय चांगला येतो त्याने तो इतरांस शिकवावा, मग तो वयाने लहान का असेना. यात नवे पुष्कळ आहे आणि जुनेही आहे. आपल्या गावठी शाळांत थोरली मुले धाकट्यांस मुळाक्षरे गिरवावयास लावीत. मद्रासेस असताना अँड्र्यू बेल या पाद्र्याने ही रीत उचलली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहून ती विलायतेत नेली. लहान शाळेत सर्व इयत्ता एकाच खोलीत असतात हा दोष मानला जातो. उत्तम शिक्षकाच्या हाती तेच साधन होते. मात्र एवढे स्पष्ट सांगावयास हवे, की जालिंदरनगरचा पट वाढला म्हणून खेड तालुक्यात मुले वाढली नाहीत. ती कोठल्या तरी दुसऱ्या पटावरून आली. तिसऱ्या वाटेने गेलेली मुले चांगल्या शाळेने परत येतात. पहिल्या वाटेने न आलेली कोणत्याही शाळेने येत नाहीत.

तेव्हा काही शाळा मिटणार हे धरून चालले पाहिजे. जपानात २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजार सरकारी शाळा मिटल्या. तेथील शिक्षणखात्याने २०१० पासून रिकाम्या इमारतींची यादी लोकांपुढे मांडून नवे उपयोग शोधण्याचे काम हाती घेतले. कोची प्रांतात मुरोतो येथे २०१८ पासून एका बंद शाळेत मत्स्यालय आहे, आणि मुलांच्या पोहण्याच्या हौदात कासवे व लहान शार्क फिरतात. आपल्याकडे पाण्याचा हौद नसेल. पण अंगणवाडी, वाचनालय, मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग यांस चार भिंती आणि एक फळा पुरे होतो. नाहीतर त्या खोल्यांत वर्षाच्या आत कडबा भरला जातो.

आणखी एक गोष्ट शाळा मिटविताना बहुधा विसरली जाते. ती म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. गावातील चार पिढ्यांची जन्मतारीख, जात आणि बापाचा धंदा त्या जाड वहीत लिहिलेला असतो. २०२३-२४ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रभर जुन्या शाळांची हीच दप्तरे, काही ठिकाणी मोडी वाचणाऱ्यास बोलावून, उलगडली गेली. बंद होणाऱ्या शाळेचे रजिस्टर कोणत्या शाळेत गेले, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि दाखला कोणी द्यावयाचा, हे दारास कुलूप लावण्यापूर्वी लेखी ठरवून गावच्या चावडीवर लावले गेले पाहिजे.